सर्व मुलांचे अण्णा : कर्मवीर भाऊराव पाटील

पुष्कळ शाळांच्या भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या असतात. त्यात एक तसबीर पांढऱ्या शुभ्र दाढीच्या आजोबांची असते. अंगात खादीचे कपडे आणि चेहरा आपल्या गावातल्या एखाद्या शेतकऱ्यासारखा. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांना सगळे लोक अण्णा म्हणत. आज मी तुम्हाला अण्णांची माहिती सांगणार आहे. त्यांनी शाळा काढल्या हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते स्वतः शाळेत असताना त्यांना एका बोर्डिंगातून काढून टाकले होते, हे पुष्कळ मुलांना माहीत नाही. म्हणून मी ती गोष्ट जास्त लिहिली आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज या गावी झाला. हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात आहे. त्यांच्या वडिलांचे नाव पायगोंडा व आईचे नाव गंगाबाई असे होते. त्यांचे घराणे जैन होते. घरी देवधर्म, सोवळे ओवळे फार कडक होते. वडील सरकारी महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदल्या होत. बदली झाली की घर हलायचे, आणि घर हललं की शाळाही बदलायची.

शाळा बदलणे हे काही सोपे काम नाही. नव्या शाळेत गेलं की पोरं आधी नाव विचारतात. मग आडनाव विचारतात, मग गाव विचारतात. तेवढ्यावरून ती ठरवतात की याला आपल्यात घ्यायचं की नाही. आता तर एवढ्यावरच भागते. त्या काळी आणखी एक गोष्ट विचारत, ती म्हणजे जात. जातीवरून मुलाने कुठे बसायचे ते ठरायचे. ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत, त्या घरची मुले वर्गाच्या बाहेर बसत. मास्तर आत शिकवणार आणि ती दारातून ऐकणार. त्यांना विहिरीवर पाणीसुद्धा भरू देत नसत.

भाऊराव लहानपणी अभ्यासात फार हुशार नव्हते. पण अंगाने धट्टेकट्टे होते. पोहणे, कुस्ती यात त्यांचा पहिला नंबर. आणि अन्याय दिसला की त्यांना राग यायचा. त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात. एका विहिरीवर लोक अस्पृश्यांना पाणी काढू देत नव्हते. बायाबापड्या घागरी घेऊन उन्हात ताटकळत उभ्या होत्या. कोणी वरून पाणी ओतले तरच त्यांना मिळायचे. ते पाहून भाऊरावांना लई राग आला. त्यांनी विहिरीवरचा रहाटच मोडला आणि विहिरीत टाकून दिला. पाणी मिळायचे तर सर्वांना मिळावे, असे त्यांच्या मनात होते. मला वाटते की रहाट मोडून कोणाचीच तहान भागली नसेल. मोठेपणी त्यांनी मोडण्यापेक्षा बांधण्याचे काम केले, आणि ते जास्त टिकले.

पुढे शिकण्यासाठी वडिलांनी त्यांना कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये घातले. त्या वेळी कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. खेड्यातील मुलांना शहरात राहण्याची सोय नसे. खानावळ परवडत नसे. म्हणून महाराजांनी विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे काढण्यास मदत केली. १९०१ साली मराठा मुलांचे बोर्डिंग निघाले. त्याच साली जैन मुलांचेही निघाले. नंतर मुसलमान, लिंगायत अशा कितीतरी समाजांच्या मुलांची बोर्डिंगे झाली. अस्पृश्य मुलांसाठीही एक बोर्डिंग झाले. त्याचे नाव मिस क्लार्क बोर्डिंग. त्यामुळे खेड्यातील हजारो मुलांना शिकायला मिळाले. महाराजांचे हे उपकार फार मोठे आहेत. पण एक झाले. ज्याचे त्याचे बोर्डिंग वेगळे, ज्याची त्याची पंगत वेगळी. मुले एका हायस्कुलात शिकत, पण संध्याकाळी आपापल्या जातीच्या घरात परत जात.

भाऊराव जैन बोर्डिंगात राहत होते. तिथले नियम फार कडक होते. एकदा मिस क्लार्क बोर्डिंगात समारंभ होता. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले की तू अस्पृश्यांच्यात जाऊन आलास, आता आंघोळ केल्याशिवाय आत येऊ नकोस. भाऊरावांनी आंघोळ करायला नकार दिला. आता कोणी म्हणेल, आंघोळच तर करायची होती, केली असती तर काय बिघडले असते? दोन तांबे पाणी घेतले की झाले. पण ती आंघोळ मळ काढायची नव्हती. ती आंघोळ करणे म्हणजे तिकडची मुले घाण आहेत असे कबूल करणे होते. भाऊरावांना ते पटले नाही. ते हटून बसले. शेवटी त्यांना बोर्डिंगातून काढून टाकण्यात आले.

विचार करा मुलांनो. परगावी एकटा मुलगा. आईवडील लांब. आणि ज्यांनी बाहेर काढले ते परके नव्हते, त्यांच्याच समाजाचे होते. घरचेच लोक बाहेर काढतात तेव्हा जास्त लागते. पण भाऊरावांनी माफी मागितली नाही.

शाहू महाराजांना ही गोष्ट समजली. भाऊराव काही दिवस महाराजांच्या राजवाड्यावर राहिले. तिथे त्यांनी महाराजांचे काम जवळून पाहिले. राजा असून महाराज गोरगरिबांत बसत, अस्पृश्यांच्या हातचे खात. त्याचा भाऊरावांच्या मनावर मोठा परिणाम झाला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे विचारही त्यांनी तिथेच ऐकले.

राजवाड्यावर राहायला मिळाले तरी अभ्यासात काही सूट मिळाली नाही. भाऊराव इंग्रजी सहावीपर्यंत शिकले. आधी मराठी चार इयत्ता आणि मग इंग्रजी इयत्ता असत. म्हणून तेव्हाची इंग्रजी सहावी म्हणजे आताची दहावी धरायला हरकत नाही. तिथे त्यांची गाडी अडली. गणितात ते कच्चे होते. एक गोष्ट सांगतात की महाराजांनी गणिताच्या मास्तरांना भाऊरावांना वर घालण्यास सांगितले. तेव्हा मास्तर म्हणाले की भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक पाहिजे तर वर घालीन, पण भाऊरावाला घालणार नाही. राजापुढेसुद्धा मास्तर खरे बोलले. या गोष्टीतले मास्तरही मला आवडतात.

शाळा सुटली. भाऊराव साताऱ्याला आले. तिथे त्यांनी मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या. नापास झालेला मुलगा मास्तर झाला! लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. ज्याला स्वतःला अडते, त्याला दुसऱ्याचे अडलेले लवकर समजत असावे.

याच सुमारास इस्लामपूरला एक गोष्ट घडली. भाऊराव एका शाळेवरून चालले होते. शाळेच्या बाहेर एक मुलगा बसलेला दिसला. आत वर्ग भरला होता आणि तो बाहेरून ऐकत होता. तो अस्पृश्य म्हणून त्याला आत घेतले नव्हते. भाऊरावांनी त्याला उठवले आणि आपल्याबरोबर घरी नेले. नंतर त्याला कोल्हापूरला मिस क्लार्क बोर्डिंगात ठेवले. त्या मुलाचे नाव ज्ञानदेव घोलप. पुढे हेच घोलप मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद झाले. म्हणजे जो वर्गाच्या बाहेर बसला होता, तो जिथे कायदे होतात तिथे जाऊन बसला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मूकनायक या पत्राचे संपादकपणही त्यांनी केले.

भाऊरावांनी काही काळ नोकरी केली. ते किर्लोस्करांच्या कारखान्याचे लोखंडी नांगर खपवण्यासाठी गावोगावी फिरत. आमच्याकडे काष्टीला दर शनिवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. बाजाराला गावोगावचे शेतकरी येतात. त्यांच्या बोलण्यातून कोणाच्या शेतात काय आहे, कोणाला कर्ज आहे, कोणाचा पोरगा शाळा सोडून गुरांमागे गेला, सगळे कळते. भाऊरावांना नांगर विकताना असेच सगळे कळले असणार. शेतकऱ्याच्या घरात शिक्षण नाही, म्हणून सावकार त्याला फसवतो. कागदावर काय लिहिले आहे ते न वाचता तो अंगठा देतो. ही गोष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. जमीन नांगराने नांगरता येते, पण माणसाचे डोके शिक्षणानेच नांगरावे लागते, हे त्यांनी ओळखले.

१९१० सालीच त्यांनी आपल्या मित्रांबरोबर दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले होते. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळ काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. रयत म्हणजे सामान्य जनता, शेतकरी, कष्टकरी. नावातच सगळे आले. संस्थेचे चिन्ह वडाचे झाड आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत जातात आणि त्यांचेच नवे खोड होते. खाली कोणीही येऊन बसावे, वड कोणाला जात विचारत नाही.

१९२४ साली अण्णांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. त्याला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले. महाराज १९२२ साली वारले होते. हे बोर्डिंग कोल्हापूरच्या बोर्डिंगांसारखे नव्हते. इथे मराठा, महार, मांग, चांभार, जैन, मुसलमान, धनगर अशा सगळ्या घरची मुले एका छपराखाली राहत. स्वयंपाकाची चूल एक. पंगत एक. कोणाच्या ताटाशेजारी कोण बसला याचा हिशोब नव्हता. मुलेच दळण दळत, भाकरी थापत, पाणी भरत, सरपण आणत. भांडी घासायची पाळी सर्वांना येई. पाटलाच्या पोरालाही आणि मजुराच्या पोरालाही. शेतात खपायचे, दगड फोडायचे, विटा वाहायच्या, आणि मग अभ्यास करायचा. एकाच घमेल्याला दोघांनी हात लावला की कोण कुठला ते विसरायला होते. मला वाटते अण्णांची खरी युक्ती हीच होती. सर्व समान आहेत असे नुसते भाषण केले असते तर पोरं ऐकून घेतील आणि विसरून जातील. अण्णांनी त्यांना कामाला एकत्र जुंपले आणि एकत्र जेवायला बसवले.

पण इतक्या मुलांना घालायचे काय? अण्णांकडे पैसा नव्हता. ते गावोगाव फिरून धान्य मागत. त्यांनी मुष्टिफंड सुरू केला. म्हणजे घरच्या बाईने रोज दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे. आठवड्याने ते गोळा करायचे आणि बोर्डिंगाला द्यायचे. एका मुठीने काय होते? पण शंभर घरांच्या शंभर मुठी झाल्या की पोते भरते. गरिबातला गरीबही मूठभर देऊ शकतो. त्यामुळे गावाला ते बोर्डिंग आपलेच वाटे.

या कामात अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा वाटा फार मोठा आहे. पुस्तकात त्यांच्याबद्दल थोडेच लिहितात, पण मी जास्त लिहिणार आहे. त्या श्रीमंत आणि सोवळ्याच्या घरातून आल्या होत्या. अंगावर पुष्कळ सोने होते. पहिल्यांदा सगळ्या जातींची मुले घरात वावरू लागली तेव्हा त्यांना किती अवघड गेले असेल! जन्मभर शिकवलेले एकदम बाजूला ठेवणे सोपे नाही. पण त्यांनी ते केले. मुलांची आजारपणे काढली, त्यांना जेवू घातले. बोर्डिंगात धान्य संपले की त्या आपला एकेक दागिना मोडायला देत. शेवटी एकदा घरात काहीच उरले नाही. मुले उपाशी राहणार अशी वेळ आली. तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. त्या काळी बाई मंगळसूत्र काढीत नसे. लोक काय म्हणतील ही भीती असे. पण पोरांच्या ताटात भाकरी पाहिजे हे त्यांना मोठे वाटले. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. मुलांची आईच गेली. आज त्यांना रयत माउली म्हणतात. ते बरोबरच आहे.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला या बोर्डिंगात आले. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात हे पाहून त्यांना फार आनंद झाला. त्यांच्याच हस्ते बोर्डिंगाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

मग संस्थेचा वड वाढत गेला. खेड्यात शिकवायला मास्तर पाहिजेत म्हणून अण्णांनी १९३५ साली साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढले. तिथे तयार झालेले मास्तर डोंगरकपारीच्या वाड्यावस्त्यांवर गेले. जिथे सरकारची शाळा नव्हती तिथे त्यांनी देवळात, झाडाखाली शाळा भरवल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज झाले. १९५४ साली कराडला कॉलेज झाले, त्याला गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्यांच्याकडे फीचे पैसे नाहीत त्यांनी काम करावे आणि शिकावे, अशी सोय होती. तिलाच कमवा व शिका म्हणतात. काम करून शिकल्यामुळे मुलाला कोणापुढे मान खाली घालावी लागत नसे. अण्णांच्या हाताखाली शिकलेले पी. जी. पाटील तर बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

अण्णांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही. लोकांनी त्यांना कर्मवीर ही पदवी दिली. १९५९ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले. त्याच साली पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. इंग्रजी सहावीत अडलेला मुलगा डॉक्टर भाऊराव पाटील झाला! ९ मे १९५९ रोजी अण्णांनी पुण्यात देह ठेवला. त्यांची समाधी साताऱ्याला आहे.

आज रयत शिक्षण संस्थेच्या सातशेच्या वर शाखा आहेत. २०१९ साली संस्थेला शंभर वर्षे झाली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, संस्थेच्या पुष्कळ शाळा आहेत. आपल्या शेजारच्या कर्जतचे दादा पाटील महाविद्यालय आणि श्रीरामपूरचे बोरावके महाविद्यालय रयतचेच आहे. अण्णा साताऱ्याचे, पण वडाची पारंबी आपल्यापर्यंत आली.

आता शेवटी एक विचार लिहितो. आपल्या भागात ऊस फार. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडून, लांबलांबून येतात. शेतात कोप्या पडतात. त्यांची पोरं काही महिने आपल्या वर्गात येतात. गुरुजी त्यांचे शिक्षण हमी कार्ड बघून त्यांना वर्गात घेतात. त्यांची पुस्तके आपलीच असतात, बाकही आपलेच. पण सुट्टीत ती भिंतीला टेकून एकटी उभी राहतात. काही पोरं त्यांना कोपीवरची म्हणतात, नावाने हाक मारीत नाहीत. डबा खाताना गोल करतात आणि त्या गोलात त्यांना जागा नसते. त्यांना वर्गाच्या बाहेर कोणी बसवत नाही, हे खरे. आता तसा कायदा आहे. पण गोलात घ्यायचा कायदा नाही. ते आपणच करायचे असते.

आणि आपण चौथीतली मुले पुढच्या वर्षी पाचवीला जाणार. मोठे हायस्कूल, आजूबाजूच्या गावांची पोरं, वर्गात सगळे अनोळखी. तेव्हा आपणही तिथे नवेच असणार. कोणी आपल्याला गोलात घेईल का, असे आपल्याला वाटणार. काही जणांना आत्ताच वाटते, फक्त बोलत नाहीत. माझा मोठा चुलतभाऊ पाचवीत गेला तेव्हा पहिले आठ दिवस एकटाच डबा खात होता. मग एका मुलाने त्याला लोणचे मागितले आणि त्यांची मैत्री झाली. एवढीशी गोष्ट असते.

अण्णांना एका बोर्डिंगाने बाहेर काढले. त्यांनी त्या रागात भांडण वाढवले नाही. आपल्याला बाहेर काढले तसे दुसऱ्या कोणाला काढू नये म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी घर बांधले. आपण घर बांधू शकत नाही, लहान आहोत. पण डब्याचा गोल मोठा करू शकतो. थोडे सरकून बसले की एक जागा होते. मधल्या सुट्टीत भाकरी दिली, चटणी घेतली, आणि विचारायचेच असेल तर नाव विचारले, एवढे पुरे. हे केले तर अण्णांची जयंती २२ सप्टेंबरला साजरी केली त्याचा काहीतरी उपयोग होईल. नाहीतर हार घालून आणि नारळ फोडून काय फायदा?

अशा या थोर कर्मवीरांना आणि रयत माउली लक्ष्मीबाईंना माझे कोटी कोटी प्रणाम.

— इयत्ता ४ थी, काष्टी, ता. श्रीगोंदा